भिंतीतली भोकं

२ ऑक्टोबर
आले एकदाची वाळवंटाकाठच्या तोझरला! दवाखान्याच्या औषधखान्यात नेमणूक आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर घर: एक बिनखिडकीची खोली, मोरी, इवलंसं अंगण, पलीकडे खजुराचे मळे. सफाक्सला आईच्या घरी भावंडांच्या गर्दीत उताणं झोपायलाही मिळायचं नाही. इथे सगळं माझं एकटीचं!

एक भिंत उघड्या पिवळ्या विटांची, फार देखणी. पण कांजिण्या येऊन गेल्यासारखी भोकांनी भरलेली. घरमालकीण मबरूका मावशी म्हणाल्या, आधीच्या भाडेकरूनं, बशीरनं, फळ्या टांगायला ड्रिलनं पाडली आणि तसाच निघून गेला. "बुजवून टाक गं पोरी. उघड्या भोकांत विंचू बिऱ्हाड करतात." वर तिखटजाळ हरीसा घालून गरम लबलाबीचा, हरभऱ्याच्या रश्शाचा, वाडगाही दिला. गोड बाई.

४ ऑक्टोबर
असलं काम कधी केलेलं नाही. हार्डवेअरवाल्या लमीननं शिकवलं. आधी ब्रशनं भुकटी काढायची, भोक पाण्यानं ओलं करायचं, मग सिमेंट, वाळू आणि विटेचा चुरा घट्ट कालवून तळापासून काडीनं ठासत यायचं. रंग विटेशी जुळतो. वरून ओलं फडकं लावायचं, म्हणजे तडकत नाही. दवाखान्यातली म्हणून मी त्याच्या लेखी डॉक्टरीणच: "वरवर फासू नका डॉक्टरीणबाई, हा काही पेशंटचा मलम नाही!"

वरची भोकं बुजवली. कुठे होती ते मलाच सापडेना. हात दुखतायत, पण काय मजा आली!

६ ऑक्टोबर
आज खालची. ब्रश बाहेर आला तो चिकट, पिवळट. खवट चरबीचा वास. ब्रशच्या केसांत माणसाचे केस अडकलेले. उंदीर मेला असेल अशी मनाची समजूत घातली आणि तोंड फिरवून ठासलं. हात साबणानं तीनतीनदा धुतले, पण पावाचा तुकडा तोंडाशी नेला की तोच वास. जेवण टाकून दिलं.

८ ऑक्टोबर
सकाळी बुजवलेले गोळे जमिनीवर पडलेले. वाळून गळाले असते तर कोरडे असते. हे ओले होते, लाळेनं माखलेले, चावून थुंकल्यासारखे. एकावर दातांचे ठसे. कागदानं उचलताना तो बोटाला लागला— कोमट. मोरीत जाऊन ओकले.

९ ऑक्टोबर
लमीनला विचारलं, मिश्रण टिकत का नाही. दातांचं सांगितलं नाही, हसला असता. भोकांच्या कडा कशा आहेत, त्यानं विचारलं. सगळीकडे टवके उडालेत म्हणाले. तरीही तो हसलाच. "ड्रिल शिरतं तिकडे भोक गोल असतं. टवके ते बाहेर पडतं तिकडे उडतात. तुम्ही भिंतीच्या उलट्या बाजूला उभ्या आहात, डॉक्टरीणबाई."

म्हणजे पलीकडून पाडली आहेत.

पलीकडे मावशींची खजुराची कोठी. गल्लीतून वळसा घालून पाहिलं. दाराच्या जागी विटा. बाकी भिंतीपेक्षा नव्या.

१० ऑक्टोबर
मावशींना सांगितलं, घर सोडते. कोठीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या रडल्याच. मुलगे गेले, सुना गेल्या, जो येतो तो जातो, म्हणाल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवला. "बशीरही असाच म्हणाला होता गं. आता कुठ्ठे जात नाही."

त्यांच्या नखांत सिमेंट.

कोठीत बशीर आहे. हवेसाठी त्यानं भोकं पाडली. आणि मी ती—

११ ऑक्टोबर, दुपार
पोलिसांकडे गेले होते. म्हाताऱ्या बाईवर आळ घेता? उद्या माणूस पाठवू, म्हणाले. सामान घ्यायला परत आले, आणि पाय निघेना. तो जिवंत असला तर?

पेचकसानं भोकं उकरली. एक वीट सैल झाली, ओढली.

तोंड.

भिंतीला टेकलेलं. ओठ गळून गेलेले. गाल साबणासारखे मऊ, पिवळे, अळ्या. तो कधीच मेलाय. दातांत माझं सिमेंट, जिभेवर माझं सिमेंट, घशात— मी ठासलेलं. जबडा हलतोय. चावतोय. अजून चावतोय.

माझ्या हातावर त्याचं काहीतरी उडालं. निघत नाही. पुसते तसं पसरतं—

दार बाहेरून लावलंय.

हाका मारल्या. उन्हाची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. फक्त मावशी. दाराशी बसून काहीतरी खरडतायत. पाट्यावर वाटण चालल्यासारखा आवाज. "झालं हं पोरी, झालं."

दाराखालची उजेडाची फट गेली.

मी ओरडले, मी जात नाही मावशी, इथेच राहते, शपथ घेते. हात थांबला. मग त्या लाडानं म्हणाल्या, "माहीत आहे गं—"

पुन्हा वीट. आता कडीपर्यंत

मागे तो चावायचा थांबलाय. काहीतरी जमिनीवर ओलं, जड

माझ्या टाचेला