भिंगरीचं खरं

रविवार, ७ सप्टेंबर

कसली बुद्धी झाली मला तिला माइकपुढे उभं करायची!

दर रविवारी चर्चमधली शब्बाथशाळा सुटताना मी माझ्या नऊ पोरांना विचारते — या आठवड्यात प्रभूला आवडेल असं काय केलंत? सहा-सात वर्षांची पोरं. कुणी पेन्सिल परत दिलेली असते, कुणी धाकट्या बहिणीला झोक्यावर आधी बसू दिलेलं असतं. ज्याचं सगळ्यात अवघड, त्याने उपासनेच्या शेवटी मंडळीपुढे उभं राहून ते सांगायचं. प्रथा माझीच. अकरा वर्षं चालवतेय, आणि खोटं कशाला बोलू, मिरवतेयसुद्धा.

आज भिंगरीची पाळी. (एका जागी बसत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं.) वर्गात ती एवढंच म्हणाली, "मी फोनवर खरं बोलले." मला तेवढं पुरलं. पुढचं विचारलंच नाही! मागच्या रविवारचा धडा होता — ओरडा बसला तरी खरं सांगायचं. धडा रुजला म्हणून माझीच छाती फुगली.

माइकवर तिने सगळं सांगितलं. मंगळवारी पप्पांच्या गोदामातल्या साहेबांचा फोन आला. मम्मीने बजावून ठेवलं होतं, पप्पांना ताप आहे म्हणून सांग. "पण पप्पा मामाचं सामान हलवायला गेले होते. मग मी तेच सांगितलं."

टाळ्याच टाळ्या. पाळकसाहेबांनी तर तिला कडेवर उचलून घेतलं. तिसऱ्या बाकावर तिचा बाप होता, त्याचे हात मांडीवरच राहिले. आईने मान खाली घातली. मला वाटलं, लाजले असतील बिचारे.

सोमवार, ८ सप्टेंबर

कळलं. भिंगरीच्या बापाला शनिवारीच कामावरून काढलं होतं. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, नऊ वर्षं. "ताप सांगून हिंडतोस? खोटारड्यांना इथे जागा नाही" — साहेब असं म्हणाला. आपली चुगली केली कुणी, या विचाराने त्याने डोकं फोडून घेतलं होतं. उत्तर मिळालं ते पोटच्या पोरीच्या तोंडून, भर देवळात, टाळ्यांसकट.

हे सगळं तिच्या आईने सांगितलं. लाँड्रीतल्या कामावरून तशीच उठून चष्म्याच्या दुकानात आली — मी तिथे काउंटरवर असते. चार गिऱ्हाइकं ऐकत होती.

"टीचर, तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा. माझी पोर आता यायची नाही."

मी म्हटलं, बसा, पाणी घ्या. तिने पाणी घेतलं नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पोरीला आधी विचारता येत नव्हतं तुला, काय सांगणारेस म्हणून? माझ्या फोनवर कोण बोलत होतं ते मात्र दहादा विचारतेस!"

थोरली बहीण आहे, तिला तोंड आहे. आणि बरोबर बोलते, हा आणखी त्रास.

रविवार, १४ सप्टेंबर

आठ पोरं. भिंगरीची खुर्ची मीच भिंतीला लावून ठेवली, तरी सगळ्यांचं लक्ष तिकडेच. एकाने विचारलं, "टीचर, खरं बोललं की पप्पांना कामावरून काढतात?"

मी टाळ्या वाजवून गाणं सुरू केलं. भित्रट कुठली!

गुरुवार, १८ सप्टेंबर

शेवटी त्यांच्या घरी गेले. बापाने दार उघडलं. दाढी वाढलेली, पण बोलणं मऊ. "मी तिला एका शब्दाने बोललो नाही, टीचर. शपथेवर सांगतो." माझा विश्वास बसला. बोलला असता तर बरं झालं असतं, असंही मनात आलं.

कारण भिंगरीच बोलत नाही. कुणाशीच नाही. शाळेत हजेरीला ओ देत नाही, भूक लागली तर ताटाकडे बोट करते. अकरा दिवस झाले. पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही पाय जवळ घेऊन. भिंगरी, आणि पाय हलत नाहीत!

मी तिचे हात धरून प्रार्थना केली. मध्येच डोळे उघडून पाहिलं, तर तिचे उघडेच होते. माझ्याकडे बघत होती. आमेन म्हणाली नाही.

बाहेर पडताना आई म्हणाली, "तिला वाटतं तोंड उघडलं की घरावर काहीतरी येतं." मग आत वळून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

रविवार, २१ सप्टेंबर

पाळकसाहेब म्हणाले, देवावर सोडा. त्यांचं बरं आहे. त्यांनी फक्त कडेवर घेतलं होतं.

प्रार्थना होत नाही. गुडघे टेकते आणि गोदामाचा विचार करत बसते. आज वर्गात पाचच पोरं होती. एका आईने स्पष्टच सांगितलं — आमच्याकडे घरातल्या पुष्कळ गोष्टी बाहेर सांगण्यासारख्या नसतात हो. अकरा वर्षं मी या चिमुरड्यांना काय शिकवलं? आणि ते पाळायला लागलं तर किती पडतं, हे मला कधी ठाऊक होतं? माझं स्वतःचं खरं बोलणं कधी कुणाला महाग पडलं नाही. फार तर ताई फुगून बसली असेल.

मंगळवार, २३ सप्टेंबर

एक मार्ग सुचलाय. वाईट आहे.

साहेबाला जाऊन सांगायचं, पोर थापा मारते, तिच्या बापाला खरंच ताप होता. मी देवळातली बाई, माझ्या शब्दाला वजन असणार.

ताईला सांगितलं, तर ती भाजी निवडायचं टाकून माझ्याकडे बघत राहिली. टोमणासुद्धा मारला नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

गेले. भिंगरीलाही नेलं. तिची आई म्हणाली, "या वेळी काय बोलायचं ते नीट पढवून न्या."

गोदामाच्या फाटकात तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "बाळा, तुझ्या एका शब्दाने पप्पांचं काम गेलं. एका शब्दाने परत येईल. साहेबांनी विचारलं तर म्हण, मी खोटं बोलले."

आत छतापर्यंत खोकी, जमिनीवर पिवळे पट्टे. साहेब काचेच्या केबिनमध्ये. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरीलाच बोलू द्या ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मी खोटं बोलले."

तीन आठवड्यांतला तिचा पहिला शब्द! आणि तो मी तिच्या तोंडात घातलेला. साहेब म्हणाला, "बरं. बघतो."

येताना ती अगदी पिवळ्या पट्ट्याच्या आतून चालत आली. बसमध्ये विचारलं, "सोमवारी जातील पप्पा?" मी म्हटलं, हो.

मंगळवार, ३० सप्टेंबर

बोलावणं नाही. 'बघतो' म्हणजे काय, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

गोदामातला क्लार्क चष्मा न्यायला आला. बोलका माणूस. मी कान देऊन ऐकत होते, त्याला आणखीच चेव आला. म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला तो त्या यादीपायी. "माणसं कमी करायची यादी. अकरा नावं. मीच टाइप केली, वीस ऑगस्टला."

मी फोर्कलिफ्टवाल्याचं विचारलं.

"तो तिसरा होता यादीत. कारणं काय, नंतर चिकटवली. एकाला उशीर, एकाला उद्धटपणा, त्याला ताप. तो ताप नसता तर खोकला काढला असता हो!"

वीस ऑगस्ट. साहेबाचा फोन आला दोन सप्टेंबरला.

म्हणजे तिच्या खऱ्याने काहीच बिघडलं नव्हतं. आणि खोटं मी तिच्याकडून फुकट वदवून घेतलं. दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडले. मग येऊन त्याच्या चष्म्याची काडी सरळ करून दिली.

संध्याकाळी तिच्या आई-बापाला जाऊन सांगितलं. बाप भिंतीला टेकून बसला. आई म्हणाली, "पोरीला तुम्हीच सांगा." रविवारी पाठवते म्हणाली.

रविवार, ५ ऑक्टोबर

भिंगरीला देवळाच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. तुझ्यामुळे काही झालं नाही, त्यांचं आधीच ठरलं होतं. तू बोललीस तेच बरोबर, मी तुला खोटं बोलायला लावलं ते पाप.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "टीचर, हे खरं आहे? की मी आता असं म्हणायचंय?"