ऐकलं तेच परत म्हण

६ जाने., मंगळ.
रेडिओच्या तोंडी परीक्षेत नापास. पायलटचे बाकीचे पेपर सुटले, मेडिकल झालं, आणि घोडं अडलं ते बोलण्यात! नऊ वर्षं विमा कंपनीत लोकांशी बोलण्याचाच पगार घेतोय. टॉवर, म्हणजे विमानतळावरचे नियंत्रक, झालेले परीक्षक म्हणाले, उंची पंचवीसशे. पायलटने ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. मी परत म्हटलं, पस्तीसशे. "सांगितलेलं म्हणायचं, तुम्हाला वाटलेलं नाही." पण मला पस्तीसशे वाटलं तरी का?

८ जाने.
कारण सापडलं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की माझं उत्तर तयार असतं. आज ऑफिसात एका आजोबांना त्यांचा क्लेम का अडलाय ते सविस्तर समजावलं. ते झेरॉक्सचं दुकान विचारत होते.

११ जाने., रवि.
बायकोला टॉवर केलं. मी स्कूटरवर पुढे, सुप्रिया मागे, नंदाखाल गावच्या केळीच्या वाड्यांमधून. "डावीकडे वळ, वेग तीस, पुढे म्हैस." मी: "डावीकडे, तीस, पुढे म्हैस." एकदा उजवीकडे म्हणालो तर पाठीत धपाटा. "लग्नाआधी कुठे होते रे हे कान?" धमाल आली. गंमत म्हणजे, परत म्हणायचं असलं की माणूस खरंच ऐकतो.

१६ जाने.
विमान शिकवणाऱ्या अकॅडमीचा फोन. जागा आहे, सोमवारपर्यंत नक्की कळवा. दीड वर्ष विदर्भात. रेडिओची परीक्षा तिथूनही देता येईल. सु.ला सांगितलं. पातेलं घासत म्हणाली, "जा की." हुरळलोच! राजीनामा लिहून टाकला. द्यायचा बाकी.

१८ जाने., रवि.
सकाळी ओट्यावर सराव. म्हटलं, टॉवर, बोला. ती म्हणाली, "मी 'जा की' म्हटलं ते खरं नव्हतं. तू नापास झालास तेव्हा मला बरं वाटलं. परत म्हन." मनातलं बोलताना तिच्या माहेरगावची, चांदीपची, बोली वर येते.
"अगं, पण दर महिन्याला मी घरी..."
"उत्तर नको. परत म्हन."
"तू 'जा की' म्हटलंस ते खरं नव्हतं. मी नापास झालो तेव्हा..." फार लागलं. दुसऱ्या खेपेला म्हटलं, "तेव्हा तुला बरं वाटलं."
"बरोबर."
विचारलं, अजून काही?
"खूप आहे. बस खाली."
बसलो. उद्या अकॅडमीला कळवायचंय.