आयच्या मातीला मी का आले नाही

प्रिय वॉल्टर,

बावीस वर्षांनी या बहिणीचं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नकोस. डोळे अधू झालेत म्हणून ओळी वाकड्या आल्यात. बाकी एकाहत्तराव्या वर्षी माणूस जेवढं बरं असावं तेवढी बरी आहे.

मठात जायला मी भुईगाव सोडलं त्या सकाळी आय मला निरोप द्यायला वाडीतून वर आलीच नाही. केळीला पाणी लावायचंय म्हणाली. वर्षभर बोलली नाही. मग दर नाताळनंतर तुला घेऊन मठात यायला लागली. भेटीच्या खोलीतल्या जाळीपलीकडे बसून गावातली लग्नं-बारशी सांगायची, वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा पुडा ठेवायची आणि उठायची. माझ्या व्रताबद्दल तिनं कधी विचारलं नाही. तू मात्र विचारायचास, चार भिंतींत बसून कुणाचं भलं होतं म्हणून.

तोच प्रश्न मला पुढं सगळीकडे भेटला. चाळिशीच्या तोंडावर मला जव्हारकडच्या डोंगरात नवा मठ उभारायला पाठवलं. तो नऊ वर्षांत पायावर उभा राहिला, तेव्हा मराठवाड्यातल्या माळावर दुसरा. सात सिस्टर, पत्र्याची शेड आणि साठ फूट खणूनही कोरडी विहीर. शेजारचे शेतकरी रामनाथ यांनी विचारलं, शाळा काढणार की दवाखाना? मी म्हटलं, दोन्ही नाही, आम्ही प्रार्थना करणार. ते म्हणाले, "बाई, देवाला हाक मारायला एवढ्या लांब कशाला आलात?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या विहिरीवरून आमच्या शेडपर्यंत पाइप टाकून दिला. आज तिथं अकरा सिस्टर आहेत. पुढं विदर्भात तिसरा मठ झाला. आता लोक मला संस्थापिका म्हणतात, मठाच्या वर्धापनदिनाला हार घालायचं बघतात. मी लाजते, आणि लाजण्याचं कारण त्यांना माहीत नाही.

त्या पत्र्याच्या शेडमध्येच तुझा फोन आला होता. "आय दवाखान्यात आहे, तुझं नाव घेतेय, ये." फाटकावरच्या सिस्टरनं तुला सांगितलं की बाहेर पडणं बंदिस्त मठाच्या नियमात बसत नाही. तिसऱ्या दिवशी तू आय गेल्याचं आणि मातीची वेळ कळवलीस, तेव्हाही तिनं तेच सांगितलं. त्यानंतर तू मठात आला नाहीस, आणि रविवारच्या प्रार्थनेला देवळातही गेला नाहीस.

मागच्या महिन्यात तुझी लेक हिना येऊन गेली. लग्नाची तारीख सांगताना हसत होती, मग एकदम रडायला लागली. पप्पा देवळाच्या पायरीपर्यंत येणार आणि बाहेरच थांबणार, म्हणाली. तू तिला म्हणालास, "ज्या देवाच्या घरानं माझ्या मरत्या आयला तिची लेक दाखवली नाही, त्या घरात मी पाय ठेवणार नाही."

वॉल्टर, त्या घरानं अडवलं नव्हतं. तुझा फोन आला त्याच संध्याकाळी बिशपांची परवानगी मिळाली होती. जीपही ठरली होती. मीच गेले नाही, आणि सिस्टरला नियमाचं नाव सांगायला मीच लावलं. त्याच आठवड्यात दोन तरुण सिस्टर कंटाळून घरी परतल्या होत्या. मी गेले तर मठ मोडेल, असं मी स्वतःला बजावलं. पण ते खरं नव्हतं. आयचा हात एकदा हातात घेतला असता तर मी माळावर परत आले नसते, याची मला भीती वाटली. मठ माझ्याशिवाय टिकला असता. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. फादरांपुढे पापाची कबुली दिली, क्षमाही मिळाली. पण जिला फसवलं ती गेली, आणि ज्याला फसवलं त्याच्यापुढे तोंड उघडायला बावीस वर्षं लागली.

तुझा राग खरा आहे, फक्त तो चुकीच्या दारावर पडलाय. तो माझ्यावर टाक. मला माफ कर असं म्हणत नाही. हिनाचा हात धरून वेदीपर्यंत जा, एवढंच मागते. या खेपेला मी लग्नाला यायची परवानगी मागून ठेवली आहे. पण तू 'ये' म्हणालास तरच येईन. नाही म्हणालास, तर त्या सकाळी इथंच तुम्हा दोघांसाठी गुडघे टेकेन.

तुझीच बहीण, जिच्यावर तू रागवायला हवं होतंस ती
बाय