हानखौच्या माडीवरचा वाडगा

हानखौ, ११ जुलै १९८६

ति. सुजूताईस
माओलिनचा शि. सा. न. वि. वि.

ग्वांगचौच्या बांधकामावरून रजा काढून इथे सुखरूप पोचलो. उकाडा असा, की सगळी गल्ली बांबूच्या खाटा बाहेर टाकून निजते. मलाही बाहेरच टाकलंय. पण ताई, मामीने तुझ्यासाठी सुचवलेलं हे स्थळ, हा फान देशेंग, मला सरळ दिसत नाही. फेरीबोटीवर नोकरी आहे, हे खरं; मी स्वतः नदी ओलांडून बघितलं. पण सकाळी पाहुण्याला घरात घास नाही! कोपऱ्यावर नेलं, तिळाच्या वाटणातल्या शेवया हातात दिल्या आणि म्हणाला की चालता चालता खा. त्याची बहीण तर भांडल्यासारखीच बोलते. मला म्हणाली की तुम्ही डोंगरातली माणसं एवढं हळू चावता, तर जेवण संपतं कधी? संध्याकाळी मात्र कमळकाकडीचं सूप केलं. पहिला वाडगा माडीवर गेला. विचारलं, तर म्हणाला की पितरांना. माणूस चिकट आहे. होकार देऊ नकोस.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.
तुझा माओलिन

बादोंग, १७ जुलै

चि. माओलिन यास
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून मामी पोट धरून हसली. म्हणाली की अख्खं हानखौ सकाळी रस्त्यावरच खातं, आणि तिथली माणसं लाडानं बोलली तरी भांडण वाटतं. मला बघायला आलेला एक तरी माणूस तुला आजवर धड वाटलाय का रे?

पण सुपाचं मला खटकलं. पितरांचा वाडगा भरलेलाच खाली येतो, घरचेच तो खातात. हा कसा आला, तेवढं बघ. बाबांचं अंथरुणातलं सगळं मी एकटीनं केलं. पुन्हा तेच वाट्याला येणार असेल, तर मला आधी कळायला हवं. तोवर बोलणी थांबवते.

वेळेवर जेव, रागावू नकोस.
तुझी ताई

हानखौ, २३ जुलै

ति. ताईस शि. सा. न.

वाडगा रिकामा आला, चाटूनपुसून! बहीण बाजारात गेली तसा मी माडीवर चढलो. वर त्याची आई, अंथरुणाला खिळलेली. मलाच विचारते की सून कधी येणार!

देशेंगला भर गल्लीत धरलं. आधी ओरडला की पाहुणा होऊन घर हुंगतोस? मग मटकन खाटेवर बसला. म्हणाला की मागे खरं सांगितलं तिथून नकार आला, म्हणून या वेळी आईच म्हणाली की लग्न होईपर्यंत मला पितरांत धर. मला हसू आलं, दाखवलं नाही. बहिणीचं लग्न हिवाळ्यात आहे. म्हणजे पुढे कुणी करायचं, ते उघडच आहे.

त्याला म्हटलं की हे ताईला तुझ्या तोंडानं सांग. तयार झाला. पत्र आजच्या बोटीने पुढे धाडतोय, आम्ही शनिवारी निघू. त्याचं तिकीट माझ्या खिशात आहे. वाटेत यीचांगला बोट फार वेळ थांबते. तिथे तो उतरून सटकू नये म्हणून मी डोळा मिटणार नाही.

मी एकटाच उतरलो, तर काही विचारू नकोस. दोघं उतरलो, तर त्याला आधी बोलू दे. मी मधे तोंड घालणार नाही. मामीला मात्र घरीच ठेव.

तुझी माया असू दे.
माओलिन