मिरची घासलेली जीभ

आई, गेल्या रविवारी चर्चच्या मंडळीनं माझं कृपादान ठरवलं. तुला हसू येईल. साठीला टेकलेल्या बाईला देवानं काय दिलंय, ते शोधायला सगळे गोल करून बसले होते. आमचे नवे पाळक तरुण आहेत, मराठी शास्त्र अडखळत वाचतात आणि अडले की तेलुगूत शिरतात. पण त्यांची एक पद्धत मला पटली. आपलं दान आपण सांगायचं नाही, दुसऱ्यांनी सांगायचं. कुणाला शिकवण्याचं मिळालं, कुणाला पाहुणचाराचं. दर रविवारी सगळ्यांच्या वर आवाज चढवणाऱ्या बाईला गाण्याचं काही मिळालं नाही, त्याचा आनंद मला घरी येईपर्यंत पुरला. माझी पाळी आली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मागून एक म्हातारी म्हणाली, "ह्या बाई मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलत नाहीत." पाळकांनी मान डोलावली, आणि हे दान मला कसं सापडलं ते मी येत्या रविवारी तरुण मुलांपुढे सांगावं, असं ठरलं. आता ते तुला वगळून कसं सांगायचं, म्हणून लिहायला बसले आहे.

तुझं दान कुणाला शोधावं लागलं नव्हतं. सांत्वन म्हटलं की तूच. कुणाचं माणूस अंथरुणाला खिळलं की तू चहाचा थर्मास घेऊन बरकतपुऱ्याहून बस धरायचीस; अफझलगंजचा मोठा दवाखाना तर तुझं दुसरं माहेरच होतं. डोक्यावर हात ठेवून तू म्हणायचीस, "सगळं चांगलं होणार बघ. नाताळच्या करंज्या तूच करणार." बायका तुझा हात सोडत नसत. घरी येऊन थर्मास विसळताना मात्र तू बाबांना म्हणायचीस, आठवडा काढला तरी पुष्कळ. तुझा सगळा गोडवा बाहेर वाटून संपायचा आणि आमच्या वाट्याला लाटणं यायचं. मी नऊ-दहा वर्षांची असताना महिला मंडळाची सभा आपल्या घरी होती. जिचा नवरा त्या दवाखान्यात पडून होता त्या बाईनं मला जवळ घेऊन विचारलं, तुझी आई आमच्यासाठी प्रार्थना करते ना गं? मी सांगितलं की करते, आणि म्हणते की ते आठवडाभरात जाणार. ती बाई होती तिथंच खाली बसली. तू तिला पोटाशी धरलंस, पोरगी खुळी आहे म्हणालीस, करंज्यांचं बोललीस. सगळ्या गेल्यावर तू माझा जबडा एका हातात धरलास आणि हिरवी मिरची मोडून माझ्या जिभेवर घासलीस. मी पाणी मागते आहे आणि तू माठाला पाठ लावून उभी आहेस. "या जिभेचा देवालासुद्धा उपयोग नाही," तू म्हणालीस. तो माणूस त्याच आठवड्यात गेला, आणि तू थर्मास घेऊन त्यांच्या घरी गेलीस.

मग तुझी पाळी आली. तुझ्या पोटात गाठ निघाली, डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवलं आणि तुला घरी पाठवलं. मंडळीतल्या बायका रोज येत. एकेक जण तुझ्या डोक्यावर हात ठेवी आणि म्हणे, सगळं चांगलं होणार बघ, नाताळच्या करंज्या तूच करणार. तुझंच वाक्य, तुझ्याच सुरात. त्या वाक्याची किंमत त्या खोलीत फक्त तुला आणि मला माहीत होती. मी दारात उभी राहून तुझा चेहरा बघत असे आणि मुद्दामच त्यांना लवकर उठवत नसे. एका दुपारी त्या गेल्यावर तू मला हाक मारलीस. "तू सांग. तुला खोटं जमत नाही." मी खुर्ची ओढून बसले आणि डॉक्टर जे बोलले होते ते सगळं सांगितलं: पोट आता चालणार नाही, औषध आहे ते दुखणं कमी करायला, आणि नाताळ काही तुला दिसणार नाही. एकही शब्द मऊ केला नाही. तू डोळे मिटून ऐकलंस. मग ते उघडून विचारलंस, "सांगताना बरं वाटलं ना तुला?" "नाही," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तू बायकांना यायला बंदी केलीस, दादाला पुण्याहून बोलावून घेतलंस आणि शवपेटीत नेसवायची साडी स्वतः काढून ठेवलीस. तुझे शेवटचे दिवस तुझे झाले ते त्या मिरची लावलेल्या जिभेमुळे, हे मी तुला मुद्दाम ऐकवते आहे.

नंतर लोक मला बोलवायला लागले. रविवारी माझं दान सांगणाऱ्या त्या म्हातारीच्या विद्यानगरच्या घरी कुणा बाहेरच्या प्रचारकानं विश्वास दाखवा म्हणून तिच्या नवऱ्याच्या दुखण्याच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. तिच्या सुनेनं मला दारातच धरलं. "आंटी, तुमे बोलो. हमारे मुँह से नई निकलरा." आतून त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. मी मुलाला सांगितलं की तुझे वडील उठणार नाहीत आणि हे ओरडणं काही विश्वासाचं नाही. त्यानं मला घराबाहेर काढलं, पण गोळी दिली. म्हातारा झोपला, उठून खट्टी दाल मागितली, बायकोशी दोन दिवस बोलला आणि मग गेला. मंडळीतल्या तरुण मुलांना मी हे सांगू शकते. त्यांना आवडेलही.

पण परवा एक चाळिशीची बाई आली. तिची आई शेवटाला आली आहे, घरातले लपवताहेत, तर कसं सांगायचं ते मी तिला शिकवावं, असं तिचं म्हणणं होतं. "मीच सांगणार तिला," ती म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखली. शनिवारी मी येते, तू मधे पडू नकोस, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. त्या शनिवारी तिच्या आईसमोर बसायला मी लायक आहे का, हे मला ठरवायचं आहे, आणि विचारायला तुझ्याखेरीज कुणी नाही.

हा कागद मी मंडळीत वाचणार नाही. तुझ्या कबरीवरही ठेवणार नाही. तिथला माळी कागद दिसला की पाल्याबरोबर जाळतो. मरणाऱ्या माणसाशी मी एकदाच खोटं बोलले, ते तुझ्याशी. बरं वाटलं होतं, आई. फार बरं वाटलं होतं. तुला ते कळलं होतं, कारण मी नाही म्हटल्यावर तू थोडी हसलीस, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "सगळं चांगलं होणार बघ." त्या वाक्याची किंमत मला माहीत होती. तरी हात नीट टेकावा म्हणून मी मान खाली केली.