दुसऱ्या स्क्रूवरचं बोट

२ मार्च
अखेर स्वतःची खोली! वरचा मजला, मोठी खिडकी, खिडकीखाली लांबरुंद टेबल. खाली घरमालकीण काकू एकट्याच राहतात. मी काय करते हे त्यांना सांगताना माझी त्रेधाच उडाली. पाटीएवढे स्वस्तातले सिंथेसायझर आणायचे, उघडायचे, आणि कंपनीने दिलेच नाहीत असे आवाज त्यांच्याकडून काढून घ्यायचे. याला काम म्हणायचं की पोरखेळ? काकू म्हणाल्या, खुशाल वाजव गं, हे घर फार गप्प झालंय.

५ मार्च
ताई आली होती. तिला नवी करामत दाखवली. एका सिंथेसायझरच्या आतून दोन तारा काढून बाहेरच्या दोन पितळी स्क्रूंना डाख देऊन जोडल्यात. एकावर माझं बोट, दुसऱ्यावर तिचं, तरी ढिम्म. पण मोकळे हात एकमेकींच्या हातात दिले, की आमच्या अंगातून वाट मिळते आणि खोकं गायला लागतं. हात घट्ट धरला की सूर चढतो, सैल पडला की उतरतो. सेलवर चालतं, त्यामुळे झटक्याची भीती नाही. ताई म्हणाली, हे आधी केलं असतंस तर नवरा पारखून घेतला असता!

९ मार्च
सकाळी स्क्रू पुसताना एकाच स्क्रूवर बोट होतं, आणि सूर निघाला. खालचा, थरथरता. तारा तपासल्या, कुठे काही चिकटलेलं नाही. दुसऱ्या स्क्रूवर कुणाचं तरी बोट हवं. शिवाय त्याने माझा हात धरायला हवा. डावा हात तर मांडीवर होता.
हवा दमट असेल.

११ मार्च
सूर निघतो तेव्हा डावा हात गार पडतो.
आवाज ऐकून काकू वर आल्या आणि दारातच थबकल्या. काका याच खोलीत अंथरुणाला खिळले होते, म्हणाल्या. त्या रोज त्यांचा हात धरून बसायच्या. ते गेले तेव्हाही हात हातातच होता. बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग विचारलं, मी एकदा बोट ठेवू का? नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.
त्यांनी एका स्क्रूवर बोट ठेवलं, दुसरा हात हवेत पुढे केला. सूर लागला. चढतच गेला. काकू हसत होत्या, डोळ्यांना धार. मला बघवेना, मी सेल काढले.
तरी वाजत राहिलं.

१४ मार्च
काकू गेल्या. मी बाजारातून आले तर माझ्याच खुर्चीत— बोट स्क्रूवर. दुसरा हात बाजूला, मूठ वळलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मूठ त्यांनाही उघडेना.

१५ मार्च
वाजतंय. सेल नाहीत. कुणी हात लावलेला नाही.
आता दोघं आहेत.

१६ मार्च
तारा कापल्या. खोकं फोडलं. एकदाची शांतता. ताईला फोन केला, न्यायला ये. निघालेच, म्हणाली.

दुपार
डावा हात— बोटांत बोटं अडकलीत. दिसत नाहीत. सुटत नाहीत.
उजव्या हाताशीही कुणीतरी चाचपडतंय. मऊ, सुरकुतलेलं. पेन घट्ट धरलंय म्हणून जागा मिळत नाही. म्हणून लिहितेय. काहीही. थांबायचं नाही.
तारा मी कापल्या. आता मधली तार मीच—
छातीत सूर लागलाय.

ताई आली. दार वाजवतेय. कडी आतून आहे. ओरडतेय मी, पण तोंडातून तोच सूर—
एक हात हवा. पेन ठेवते, झटकन कडी काढून परत