थंडी वाजते म्हणून

रुसे, १९ नोव्हेंबर

प्रिय ल्युबेनदादा,

तुम्ही दोघं बरी असाल असं धरून चालते. बोयानावहिनीची कंबर आता कशी आहे? यंदा मी मिरच्या भाजून चौदा बरण्या भरल्या. त्यातल्या चार तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. इकडे नदीवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. बाकी ठीक.

दोन वर्षांनी पत्र, आणि त्यात मिरच्या, म्हणून तू हसशील. हस.

आमच्या संस्थेचं तुझ्या कानावर आलं असेलच. अनुदान बंद झालं, सभागृह सोडावं लागलं. तिथे आता लग्नं लागतात. आमच्या अध्यक्ष रादोस्तिनाबाईंनी बावीस जणांचा वाद्यवृंद मोडून तिघाचौघांचे गट पाडले. म्हणाल्या, "लोक आपल्याकडे येत नाहीत ना, मग आपण लोकांकडे जायचं." शाळा, रुग्णालयं, वृद्धाश्रम. नुसतं वाजवून भागत नाही. प्रत्येक रचनेआधी लोकांशी चार शब्द बोलायचे आणि शेवटी देणगीदारांसाठी फॉर्म भरायचा : 'श्रोत्यांमध्ये कोणता बदल दिसला?' आमच्या गटातल्या मिल्कोने, तो क्लॅरिनेट वाजवतो, पहिल्याच फॉर्मवर लिहिलं, 'आधी सगळे जागे होते, नंतर तिघे झोपले.' चांगली बोलणी बसली त्याला.

मी तीस वर्षं चेलो वाजवते आहे, पण श्रोत्यांशी कधी अवाक्षर बोलले नव्हते. आता चेलोचा गज मांडीवर ठेवायचा आणि समोरच्या माणसांकडे बघत बोलायचं. ती माणसं बसतात हाताच्या अंतरावर. बोलायला लागले की माझा उजवा हात थरथरायचा. मला वाटलं, सवय नाही म्हणून. मिल्कोही म्हणाला, "अगं, ते काय तुला खाणार आहेत? निम्म्यांना दात नाहीत."

मीही हसले. पण दादा, घरी एकटी टीव्ही बघत बसले असतानाही तो थरथरतो. तिथे मला कुणाची भीड?

गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत स्तामेन नावाचे एक आजोबा चाकांच्या खुर्चीत होते. पूर्वी जहाजाच्या कारखान्यात मेकॅनिक होते म्हणे. त्यांना कंपवात आहे. डोकं, हनुवटी, दोन्ही हात, काहीच थांबत नाही. मी त्यांच्याकडे न बघता बोलायचं ठरवलं होतं. माझं बोलणं चालू असताना मधेच ते म्हणाले, "बाई, तुमचा हात वाजवताना थांबतो. गप्प बसला की सुरू होतो."

मी म्हटलं, "थंडी वाजते म्हणून."

"हीटर लावलाय," ते म्हणाले. "मीसुद्धा दोन वर्षं थंडीच म्हणत होतो."

कुणीतरी हसलं. मी गज उचलला आणि पुढची रचना सुरू केली. काय वाजवलं ते मला आठवत नाही. त्या दिवशीचा फॉर्म मिल्कोने भरला.

गाडीत त्याने विचारलं, "खरं आहे का ते?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "बोलायचं मी बघतो. तू फक्त वाजव. वाजवताना थांबतो ना?" मी म्हटलं, "अजून तरी." तेव्हापासून तोच बोलतो. पण रादोस्तिनाबाईंच्या ते ध्यानात आलंय. पुढच्या वर्षी बावीसपैकी नऊच जण ठेवणार आहेत, ज्यांना वाजवताही येतं आणि बोलताही. सांगितलं तरी माझं काम जाणार, लपवलं तरी एक दिवस जाणार. चेलो सोडून मला दुसरं काय येतं, तूच सांग.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं भराभर मिटायला-उघडायला लावली, एक वाक्य लिहून घेतलं. माझी अक्षरं ओळीच्या शेवटी मुंगीएवढी झाली होती. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं का असं?"

मी 'नाही' म्हटलं.

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. तोंडातून 'नाही' कसं निघालं, मलाच कळलं नाही. बाबांना मी डॉक्टरांच्या खोलीत बसून नाकारलं.

आणि तेही पहिल्यांदा नाही. बाबा तुझ्याकडे वार्नात होते त्या शेवटच्या वर्षी मी तुला सांगत राहिले, मी दौऱ्यावर आहे. दौरा अकरा दिवसांचा होता, दादा. बाकीचे महिने मी इथेच होते. त्याआधी ईस्टरला आले होते, तेव्हा बाबांच्या हातातला सूपचा चमचा ओठांपर्यंत पोचेना. मी उठून गॅलरीत गेले. त्यांनी मला जाताना पाहिलं. त्यानंतर मी आले ती थेट दफनाला. तू मला तेव्हा काही बोलला नाहीस, आणि त्यानंतरही फारसं बोलला नाहीस. तुझं चुकलं नाही.

आता मला विचारायचं आहे, आणि तुझ्याशिवाय कुणाला विचारू? बाबांचं सुरू कसं झालं? आधी कुठला हात? शर्टाची बटणं लावता येईनाशी व्हायला किती दिवस गेले? रात्री झोप लागायची का? ते घाबरले होते का? घाबरले असतील तर काय म्हणायचे?

चार डिसेंबरला सकाळी दहा वाजता पुन्हा डॉक्टरांकडे जायचं आहे. या वेळी मी खरं सांगणार आहे. पण ते पुढचं विचारतील आणि मला उत्तरं येणार नाहीत, कारण मी तिथे नव्हते. तू होतास. तू आलास तर बरं होईल. नाही जमलं तर निदान लिही. वाईट असेल तेही लिही, मला सांभाळून घेऊ नकोस. मला फार भीती वाटते आहे, दादा.

हे सगळं सहा वर्षांपूर्वी जिने तिथे येऊन बघायला हवं होतं, ती तुझी बहीण,

झोर्नित्सा